पाझर तलावासाठी पैसे कुठून आणावेत?

प्रश्न : मी माण तालुक्यातल्या एका लहान गावात राहतो. प्राथमिक शाळेतून निवृत्त झाल्यावर गावच्या तरुण मंडळाचा सचिव म्हणून काम पाहतो. गावाच्या वरच्या अंगाला १९७२ च्या दुष्काळात झालेला, पाणी जमिनीत मुरवणारा पाझर तलाव आहे. तो आता गाळाने इतका भरला आहे की श्रावणात भरला तरी संक्रांतीनंतर पाणी दिसत नाही आणि खालच्या विहिरी फाल्गुनात तळ गाठतात. मंडळाने २५ लाख रुपयांचा प्रस्ताव तयार केला. त्यात गाळ काढणे, भोवती ५,००० झाडे लावणे, काठाने पेव्हर ब्लॉकचा रस्ता, बाके, सौरदिवे आणि मेंढ्या आत येऊ नयेत म्हणून तारेचे कुंपण असे सगळे धरले आहे. तो दोन कंपन्यांना आणि एका संस्थेला पाठवला. कंपन्यांकडून उत्तरच आले नाही. संस्थेने ‘निकषांत बसत नाही’ एवढे कळवले. आता एक गृहस्थ म्हणतात की मंजूर रकमेच्या दहा टक्के दिल्यास ते सीएसआरचा, म्हणजे कंपन्यांनी सामाजिक कामांसाठी द्यायचा, निधी आणून देतील. मंडळाची नोंदणी २०१९ ची आहे, पण त्यानंतर पदाधिकारी बदलले ते धर्मादाय कार्यालयाला कळवायचे राहून गेले. प्रस्तावाची प्रत सोबत जोडली आहे. आम्ही काय करावे?

उत्तर :

गुरुजी, सप्रेम नमस्कार.

दहा टक्के मागणाऱ्या गृहस्थांना आजच नाही म्हणून कळवा. बाकीची सगळी कामे सावकाश झाली तरी चालतील, एवढे एक मात्र लांबवू नका. २५ लाखांचे दहा टक्के म्हणजे अडीच लाख रुपये, आणि हा खर्च दाखवायला कोणत्याही अंदाजपत्रकात शीर्ष नसते. मग तो कुठल्या तरी खोट्या पावतीतून काढावा लागतो. पोकलेनचे तास वाढवून लिहिले जातात, न आणलेल्या रोपांचे बिल जोडले जाते, आणि शेवटी निधी ठरलेल्या कामावरच खर्च झाला असे सांगणाऱ्या उपयोगिता प्रमाणपत्रावर सह्या सनदी लेखापालाच्या आणि तुमच्या असतात, त्या गृहस्थांची सही कुठेही नसते. प्रकल्प अहवाल लिहिण्यासाठी एखाद्या जाणकाराला ठरलेली फी देणे, तिची रीतसर पावती घेणे आणि निधी मिळो वा न मिळो ती फी तेवढीच राहणे, हा व्यवहार वेगळा आहे आणि त्यात काही गैर नाही.

तुम्ही पाठवलेला प्रस्ताव मी दोनदा वाचला. गावाची तळमळ त्यात ओळीओळीत दिसते. पण तलावात गाळ किती आहे, तो निघाल्यावर किती पाणी जास्त साठेल, आणि काम झाल्यानंतरच्या तिसऱ्या उन्हाळ्यात तिथे कोण असेल, या तीन प्रश्नांची उत्तरे मला त्यात सापडली नाहीत. अशा अर्जांची छाननी करणाऱ्या एका समितीवर मी काही वर्षे बसत असे, आणि तिथल्या अनुभवावरून सांगते की अर्ज बाजूला पडतात ते बहुधा तिसऱ्या प्रश्नापाशी. खड्डा खणायला, रोप लावायला आणि फलक उभारायला पैसे देणारे पुष्कळ असतात. पैसे देणाऱ्याला खरी भीती असते ती पुढच्या वर्षांची, कारण दोन वर्षांनी तिथे जाऊन पाहिल्यावर वाळलेल्या काड्या आणि गंजलेला फलक पाहण्याचा प्रसंग त्याच्यावर अनेकदा आलेला असतो. म्हणून माझे म्हणणे एवढेच की तुमचा प्रस्ताव काम संपल्याच्या दिवसापासून पुढची तीन वर्षे डोळ्यांसमोर ठेवून लिहिला पाहिजे, आणि त्यातली प्रत्येक रक्कम त्या तीन वर्षांना उत्तर देणारी असली पाहिजे.

एक अर्ज माझ्या अजून लक्षात आहे. छापील फाइलींच्या गठ्ठ्यात तो शाळेच्या रेघी वहीच्या पानांवर आला होता. एका बचत गटातल्या बाईंनी गावातल्या सहा विहिरींची पातळी दोन वर्षे दर अमावास्येला मोजून लिहिली होती. माप घेण्याची रीतही पानाच्या डोक्यावर दिली होती : सुंभाच्या दोराला हात-हात अंतरावर गाठी, टोकाला वरवंट्याचा तुकडा, आणि कठड्यावर चुन्याने केलेली खूण, जिथून दोर सोडायचा. एका महिन्याच्या रकान्यात ‘लग्नघरी गेले, मोजले नाही’ असे प्रामाणिकपणे लिहिले होते. समितीतल्या भूजलाच्या अभ्यासकाने तो कागद हातात घेतला आणि बराच वेळ खाली ठेवला नाही. त्या गावाला पैसे मिळाले, कारण काम झाल्यावर फरक पडला की नाही हे सांगू शकणारे माणूस तिथे आधीच हजर होते.

तुमच्याकडेही हे सहज होण्यासारखे आहे. तलावाच्या खालच्या अंगाच्या पाच-सहा विहिरी निवडा आणि शक्य असेल तर तलावाचा पाझर पोचत नाही अशा बाजूची एक विहीर तुलनेसाठी घ्या. पाऊस संपल्यावर पहिले माप घ्या, मग पौषात, होळीला आणि मे महिन्याच्या अखेरीस. प्रत्येक वेळी तीच खूण, तोच दोर, आणि मोटार बंद करून काही तास झाल्यानंतरचीच पातळी, कारण उपसा चालू असताना घेतलेले माप फसवे असते. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या निरीक्षण विहिरी जिल्ह्यात ठिकठिकाणी आहेत. तुमच्या पाणलोटातली नोंद सातारच्या कार्यालयात मागता येईल आणि तुमच्या वहीला तिचा आधार मिळेल.

गाळाचे माप तलाव कोरडा पडला की घ्यावे. वरून खालपर्यंत आणि आडवे असे दोरीने चौकोन आखून दहा-बारा ठिकाणी पहारीने किंवा खड्डा घेऊन खालचा मुरूम लागेपर्यंत खोली पाहा. काळी माती संपून मुरूम लागला की पहारीचा आवाज बदलतो, ते गावातल्या कोणत्याही विहीर खोदणाऱ्याला कळते. समजा एक हेक्टर क्षेत्रात सरासरी एक मीटर गाळ निघाला, तर तो १०,००० घनमीटर होतो, म्हणजे सुमारे साडेतीन हजार ब्रास (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट), आणि तेवढीच जागा पाण्याला मोकळी झाली की एका भरण्यात एक कोटी लिटर पाणी जास्त मावते. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत साधारण ब्रासभर माती धरली तर साडेतीन हजार खेपा झाल्या. या खेपा कोणाच्या शेतात जाणार, हा प्रश्न त्यानंतर आपोआप येतो, आणि त्याचे उत्तर देणारी यादी हाच तुमच्या प्रस्तावाचा सगळ्यात वजनदार कागद ठरेल.

याचे कारण असे की गाळ काढण्यासाठी तुम्हाला कंपनीच्या दारात जाण्याची बहुधा गरजच नाही. राज्य शासनाची ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना २०१७ मध्ये सुरू झाली आणि २०२३ मध्ये तिला नव्याने चालना मिळाली. पाच वर्षांहून जुन्या आणि २५० हेक्टरांपेक्षा कमी लाभक्षेत्राच्या तलावांना तिच्यात प्राधान्य ठेवले होते, वाळू उपशाला पूर्ण बंदी होती, आणि आधी गाळ शेतकऱ्याने स्वखर्चाने वाहून न्यायचा अशी रीत होती. २०२३ च्या निर्णयाने अल्प आणि अत्यल्प भूधारकांना तो पसरण्यासाठी प्रति घनमीटर ३५.७५ रुपये अनुदान ठरवले, एकरी १५,००० रुपयांच्या आणि अडीच एकरांच्या मर्यादेत. एकराला ४०० घनमीटर असा हिशेब त्यात धरला आहे. एवढा गाळ पसरला की शेतावर साधारण चार बोटे, म्हणजे दहा सेंटिमीटर जाडीचा थर बसतो. वरच्या उदाहरणातल्या १०,००० घनमीटरांना त्या मापाने पंचवीस एकर जमीन लागेल. पंचवीस एकरांच्या मालकांची नावे, गट क्रमांक आणि सह्या तुमच्याजवळ असतील, तर गाळ तलावाच्या काठावरच टाकून पुढच्या पावसात तो पुन्हा आत जाणार नाही, याची खात्री कोणालाही पटेल. माणच्या हलक्या, मुरमाड रानांना हा गाळ किती मोलाचा आहे हे मी तुम्हाला सांगायला नको. मात्र चालू वर्षाचे दर आणि अटी तालुक्याच्या जलसंधारण कार्यालयात विचारूनच अर्ज भरा.

पण त्याआधी तलाव कोणाचा, याचा कागद हातात हवा. १०० हेक्टरांपर्यंत सिंचन क्षमतेची अशी कामे सहसा जिल्हा परिषदेच्या अखत्यारीत येतात आणि त्याहून मोठी राज्याच्या मृद व जलसंधारण विभागाकडे. सातबारा आणि जिल्हा परिषदेच्या नोंदी पाहून त्या विभागाचे लेखी ना-हरकत पत्र घ्या. त्याच पत्रात भरावाच्या पायथ्यापासून किती अंतर सोडून खोदायचे, हेही शाखा अभियंत्याकडून नोंदवून घ्या. उत्साहाच्या भरात भरावाच्या अगदी कडेपर्यंत माती उचलल्याने बांध खचल्याची उदाहरणे आहेत आणि तेव्हा दोष मंडळाच्या माथी येतो. सांडव्याची दगडी भिंत आणि भरावाचे पिचिंग, म्हणजे त्यावरचे दगडी अस्तर, कुठे निखळले आहे, तेही अभियंत्याबरोबर फिरून लिहून घ्या. अशी दुरुस्ती खर्चाने लहान असते आणि तलावाच्या आयुष्यासाठी फार महत्त्वाची असते. तरीही ती छायाचित्रात उठून दिसत नाही म्हणून बहुतेक प्रस्तावांत नसतेच.

आता झाडांबद्दल. ५,००० हा आकडा तुम्ही कमी करावा अशी माझी आग्रहाची विनंती आहे, आणि त्यासाठी साधा हिशेब करून पाहू. उन्हाळ्यात एका रोपाला आठवड्याला निदान दहा लिटर पाणी द्यायचे म्हटले, तर ५,००० रोपांना आठवड्याला ५०,००० लिटर, म्हणजे पाच हजार लिटरचे दहा टँकर. फेब्रुवारीच्या सुरुवातीपासून मृगापर्यंत अठरा आठवडे धरले तर एका उन्हाळ्यात १८० टँकर, आणि तेही अशा तालुक्यात जिथे त्याच दिवसांत माणसांच्या पिण्याच्या पाण्यासाठी टँकरची वाट पाहावी लागते. ५०० रोपे लावली तर आठवड्याला एक टँकर पुरतो, आणि ते गाव पेलू शकते. आमच्या गटाने फार वर्षांपूर्वी एका टेकडीवर सहाशे रोपे लावली होती. पाण्याचा खर्च आम्ही एकाच उन्हाळ्यापुरता धरला आणि दुसऱ्या वैशाखात उभी राहिली ती जेमतेम दीडशे. अहवालात काय लिहायचे यावर आमच्यात दोन दिवस वाद झाला. शेवटी आम्ही खरा आकडा लिहिला, कारणही लिहिले आणि पुढे पाण्याची सोय कशी करणार तेही लिहिले. निधी देणाऱ्या संस्थेने नवी रोपे देण्याचे नाकारले, पण राहिलेली जगवण्यासाठी दोन वर्षांच्या राखणदाराचा पगार दिला. ती टेकडी आज हिरवी आहे, आणि मला अजूनही वाटते की ते दुसरे अनुदान आम्हाला त्या खऱ्या आकड्यामुळे मिळाले.

झाडे कोणती आणि कुठे, याचाही विचार करा. भरावावर मोठी झाडे मुळीच लावू नका, कारण मुळांच्या वाटेने पाणी झिरपून बांध कमकुवत होतो. ओढ्याच्या काठी करंज, उंबर, जांभूळ आणि वरच्या बाजूला बाभूळ, बोर, हिवर ही तुमच्याकडे तग धरणारी झाडे आहेत. लवकर वाढते म्हणून सुबाभूळ किंवा गिरिपुष्प सरसकट लावण्याचा मोह टाळा. आणि तलावाच्या वरचे माळरान तसेच राहू द्या. सरकारी कागदांत त्याला पडीक म्हणतात, पण ते गवताचे रान आहे. ससे, लांडगे, चंडोल, धाविक यांचा संसार त्या गवतावर चालतो, आणि दाट गवत वरून येणारी माती जेवढी अडवते तेवढी खड्ड्यातली रोपे कित्येक वर्षे अडवू शकत नाहीत. तिथे खड्डे घेण्याऐवजी पावसाळ्याचे दोन-तीन महिने चराई थांबवून गवत बियाला येऊ दिले तर तलावात येणारा गाळच कमी होईल. खर्चही जवळजवळ नाही.

हे मेंढपाळांना विचारल्याशिवाय होणार नाही, आणि म्हणूनच प्रस्तावातले तारेचे कुंपण मला पटले नाही. तुमच्या तालुक्यात मेंढपाळी हा पिढ्यान्‌पिढ्यांचा व्यवसाय आहे आणि पाझर तलाव हे मेंढरांचे पाणवठे आहेत. त्यांना तारेबाहेर उभे केले तर पहिल्याच उन्हाळ्यात तार कापली जाईल, आणि तहानलेला कळप घेऊन आलेल्या माणसाला त्यासाठी दोष देणे मला तरी जमणार नाही. त्यापेक्षा वाडीवर जाऊन त्यांच्या कारभाऱ्यांशी बोला. पाण्यावर उतरायची एक दगड बसवलेली वाट ठरवा, गवत राखायचे महिने त्यांच्याच सोयीने ठरवा, आणि रोपांभोवती बाभळीच्या काट्यांचे आळे घाला. राखणदार नेमायचा असेल तर तो त्यांच्यातलाच नेमा आणि त्याचा तीन वर्षांचा पगार अंदाजपत्रकात स्पष्टपणे मागा. पगार मागितला तर प्रस्ताव नामंजूर होईल असे अनेकांना वाटते. अनुभव उलटा आहे. माणसाचे नाव, काम आणि महिन्याचा पगार लिहिलेला प्रस्ताव वाचणाऱ्याला धीर देतो.

पेव्हर ब्लॉकचा रस्ता, बाके आणि सौरदिवे यांना पर्यावरणाच्या निधीतून पैसे मागू नका. गावाला ते हवे असतील तर ग्रामपंचायतीच्या विकास आराखड्यात वेगळे घाला. तलावाच्या प्रस्तावात ते राहिले तर वाचणारा असे समजतो की मंडळाला बाग करायची आहे.

एवढी काटछाट केल्यावर गाळाचा खर्च शासकीय योजनेत जाईल, आणि सांडव्याची दुरुस्ती, ५०० रोपे, राखणदार, पाण्याचे टँकर आणि मोजमापाची वही एवढेच तुमच्या मागणीत उरेल. ही रक्कम २५ लाखांच्या कितीतरी खाली येईल. ज्या मंडळाने आजवर अनुदान हाताळलेले नाही, त्याला एकदम मोठी रक्कम मिळणे अवघड आणि मिळाली तर निभावणे त्याहून अवघड. तीन-चार लाखांचे काम चोख हिशेबाने पुरे केले की पुढचे दार उघडायला तेच कागद उपयोगी पडतात.

कंपन्यांकडे जायचे असेल तर आधी त्यांचा कायदा समजून घ्या. कंपनी कायदा, २०१३ चे कलम १३५ सांगते की ज्या कंपनीची नक्त मालमत्ता ५०० कोटी किंवा उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये अथवा त्याहून अधिक आहे, तिने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे निदान दोन टक्के सामाजिक कामांवर खर्च करावेत. परिशिष्ट सातमध्ये पर्यावरणाचा समतोल, नैसर्गिक साधनांचे जतन आणि माती-पाण्याची गुणवत्ता यांचा स्पष्ट उल्लेख आहे, त्यामुळे तुमचे काम त्यात बसते. त्याच कलमात कंपनीने आपल्या कामकाजाच्या परिसराला प्राधान्य द्यावे असेही म्हटले आहे. म्हणून मुंबईतल्या मोठ्या नावाला पत्र पाठवण्यापेक्षा ज्यांच्या पवनचक्क्या, कारखाने किंवा गोदामे तुमच्या जिल्ह्यात आहेत त्यांच्याकडे जाणे शहाणपणाचे. सहकारी साखर कारखाना मात्र सहकार कायद्याखाली चालतो, तो कंपनी नसल्याने त्याला हे कलम लागू होत नाही. तिथे मदत मागायची तर वेगळ्या मार्गाने मागावी लागेल. कंपन्यांना आपले सीएसआर धोरण आणि मंजूर प्रकल्प संकेतस्थळावर जाहीर करावे लागतात. ते वाचले की सातारा जिल्ह्यात पाण्याच्या कामावर कोण खर्च करते हे तासाभरात कळते, आणि दहा टक्के मागणाऱ्या मध्यस्थाकडे जी ‘माहिती’ असते ती बहुतेक एवढीच असते. कंपन्यांचे आर्थिक वर्ष एप्रिलमध्ये सुरू होते आणि त्यांचा कृती आराखडा वर्षाच्या सुरुवातीलाच आखला जातो, तेव्हा दिवाळीनंतर लगेच भेटायला जा.

एक अडचण मात्र आहे. कंपनीचा निधी थेट घेण्यासाठी संस्थेला आयकर कायद्याखालची बारा-ए आणि ऐंशी-जी या नावांनी ओळखली जाणारी करसवलतीची नोंदणी, निदान तीन वर्षांचा कामाचा अनुभव, आणि १ एप्रिल २०२१ पासून सीएसआर-१ हा अर्ज भरून मिळालेला क्रमांक लागतो. तुमच्या मंडळाकडे यातले सगळे आज नाही. म्हणून पहिले काम जिल्ह्यातल्या एखाद्या जुन्या, हिशेबाला चोख असलेल्या संस्थेच्या नावाने करा आणि तिच्याशी लेखी करार करा. पैसे कोणाच्या खात्यात येतील, खर्चाला मान्यता कोण देईल, व्यवस्थापनापोटी ती संस्था किती रक्कम ठेवेल आणि अहवालात मंडळाचे नाव कसे येईल, हे चारही मुद्दे करारात असू द्या. त्या संस्थेकडे परदेशी निधी असेल तर तो ती तुम्हाला वर्ग करू शकत नाही. विदेशी अंशदान कायद्यातल्या २०२० च्या दुरुस्तीने ते पूर्ण बंद केले आहे. तसा पैसा असेल तर खर्च त्या संस्थेनेच स्वतः करायचा.

कंपन्यांखेरीज आणखीही मार्ग आहेत. जागतिक पर्यावरण सुविधेचा लघु अनुदान कार्यक्रम १९९२ पासून चालतो आणि संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमामार्फत राबवला जातो. त्यात एका प्रकल्पाला बराच काळ जास्तीत जास्त ५०,००० डॉलर मिळत असत; चालू मर्यादा विचारून घ्यावी. तो खास गावपातळीवरच्या संस्थांसाठी आहे, पण अर्ज ठरावीक भूप्रदेशांपुरते मागवले जातात, म्हणून आपला जिल्हा त्यात आहे का हे आधी पाहावे. त्यांना गावाचाही वाटा हवा असतो, रोख किंवा वस्तू-श्रमाच्या रूपात. त्यामुळे श्रमदानाच्या दिवसांची हजेरी आणि ट्रॅक्टरमालकांनी फुकट दिलेल्या खेपा लिहून त्यांची किंमत मांडायची सवय आतापासून लावून घ्या. नाबार्डचे, म्हणजे राष्ट्रीय कृषी व ग्रामीण विकास बँकेचे, पाणलोट कार्यक्रम हा पुढचा टप्पा आहे. तिथे एका तलावाचा विचार होत नाही, सगळ्या पाणलोटाचा होतो, आणि आधी साधारण १०० हेक्टरांवर गावाची तयारी पाहून मगच पूर्ण काम दिले जाते. नाबार्डच्या जिल्हा विकास व्यवस्थापकांना आता भेटून ओळख करून ठेवा, अर्जाची घाई नको. ग्रामपंचायतीची जैवविविधता व्यवस्थापन समिती कागदावर असेलच, २००२ च्या कायद्याने ती बंधनकारक आहे. तिच्या नोंदवहीत तलावावरचे पक्षी आणि माळावरचे गवत नोंदवून घेतले तर प्रस्तावाला जोडायला एक अधिकृत कागद मिळतो.

मंडळाच्या नोंदणीकडेही लगेच लक्ष द्या. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा, १९५० च्या कलम २२ नुसार पदाधिकाऱ्यांतला बदल नव्वद दिवसांत कळवायचा असतो. तुमची मुदत केव्हाच उलटली आहे, तरी विलंब माफ करण्याच्या विनंतीसह बदल अर्ज दाखल करता येतो. निवडीच्या सभेचे इतिवृत्त, जुन्या पदाधिकाऱ्यांची संमतिपत्रे आणि राहिलेल्या वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब जमवायला दोन-तीन महिने सहज जातील. जुने अध्यक्ष आता पुण्याला असतात असे तुम्ही लिहिले नाही, पण प्रत्येक मंडळात असे एक माणूस असतेच. त्यांची सही दिवाळीला ते गावी येतील तेव्हा घेऊन टाका.

येत्या २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत दोन ठराव करून घ्यावेत : एक, गाळ काढण्यासाठी जिल्हा परिषदेकडे मागणी, दुसरा, तलावाची देखभाल तीन वर्षे कोण करील त्या पाच जणांच्या नावांचा, ज्यात निदान दोन बायका आणि एक मेंढपाळ असावा. ठरावाच्या वेळी सरपंचांना आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना (पूर्वीचे ग्रामसेवक) शेजारी बसवून मसुदा आधीच लिहून न्या, म्हणजे इतिवृत्तात तो जसाच्या तसा उतरेल. पाऊस उघडला की पहिल्या कोरड्या सकाळी विहिरींवर चुन्याच्या खुणा करून माप घ्या. दोर नवा असेल तर तो एक रात्र भिजवून, ताणून, मगच गाठी मारा; कोरडा दोर भिजल्यावर आखडतो आणि पहिल्याच मापात वीतभर फरक पडतो.